थांबलेल्या गाडीतील वाहता प्रवाह
(सीएनजी किट बसविल्यानंतर उतरणाऱ्या बॅटरीचा अभ्यास)

निवासी शाळेत राहिलेल्या प्रत्येकाच्या पदरी एक अनुभव असतो. रात्री पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली असते आणि पहाटे आंघोळीच्या वेळी ती रिकामी आढळते. मग चौकशी सुरू होते. रात्री नळाशी शेवटी कोण गेले होते, असा प्रश्न विचारला जातो आणि बहुधा खालच्या वर्गातील एखाद्या मुलाचे नाव पुढे येते. वास्तविक तेथे तीन वेगळे प्रश्न असतात. टाकीला चीर गेली आहे काय? मोटार पुरेसा वेळ चालली होती काय? की कोठला तरी नळ रात्रभर ठिबकत होता? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तपासून मिळू शकतात. परंतु तपासण्यापेक्षा नाव घेणे सोपे असते.

मोटारगाडीची बॅटरी हीही एक टाकीच आहे. मी या शाळेतून बाहेर पडल्यावर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलो आणि तेव्हापासून गाड्यांच्या विद्युत दुरुस्तीचे काम करीत आलो आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे पोट आज टॅक्सी, रिक्षा, टेम्पो किंवा शाळेच्या व्हॅनवर अवलंबून आहे. खर्च वाचावा म्हणून यांपैकी अनेक गाड्यांना नंतर सीएनजी किट बसविले जाते. त्यानंतर सकाळी गाडी चालू न होण्याच्या तक्रारीही वारंवार येतात. अशाच एका प्रकरणाच्या आधारे दोष शोधण्याची रीत येथे मांडत आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ती प्रयोगासारखी वाचता येईल आणि पालकांना आपल्या गाडीसाठी उपयोगी पडेल.

सोमवारचा आजार

तालुक्याच्या गावी एक गृहस्थ आठ आसनी पेट्रोल व्हॅनमधून शाळकरी मुलांची ने-आण करतात. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी सीएनजी किट बसवून घेतले. गाडी गॅसवर उत्तम चालू लागली. काही आठवड्यांनी मात्र एका सोमवारी सकाळी चावी फिरविली, तर सेल्फने नुसता ‘टक’ असा आवाज केला. गाडी धक्का मारून चालू करावी लागली. पुढच्या सोमवारीही तसेच झाले. बॅटरी दोन वर्षांची असल्याने ती बदलली. दोन महिन्यांत नवी बॅटरीही तसेच करू लागली. सहामाही परीक्षेच्या एका सकाळी गाडी उभीच राहिली आणि मुले पेपरला उशिरा पोहोचली. पालकांचे बोल मालकांना ऐकावे लागले.

या गाडीवर विशीतला एक मदतनीस मुलगा काम करतो. मुलांना चढविणे-उतरविणे आणि रविवारी गाडी धुणे हे त्याचे काम. गाडी बसते ती सोमवारी आणि तिला हात लावतो तो रविवारी. त्यामुळे निष्कर्ष आपोआप निघाला. धुताना तो दारे उघडी ठेवतो, रेडिओ लावतो, आतील दिवा तसाच सोडतो, असे ठरले. नव्या बॅटरीच्या पैशांपैकी काही रक्कम त्याच्या पगारातून कापलीही गेली. त्याने दिवा बंद केल्याचे सांगितले, पण त्याच्या सांगण्याला पुरावा नव्हता. मालक गाडी घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांना दोष शोधून नको होता. आतील दिवा आपोआप बंद होईल असे काहीतरी बसवून द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

आरोपाचे गणित

बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत मोजतात. या व्हॅनची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. म्हणजे एक अँपिअर प्रवाह घेतला तर ती ढोबळमानाने ३५ तास पुरेल आणि अर्धा अँपिअर घेतला तर ७० तास. सेल्फ मोटारीला मात्र क्षणभर का होईना, शंभराहून अधिक अँपिअर लागतात. म्हणून बॅटरी पूर्ण रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही. ती अर्ध्यावर आली की, विशेषतः थोडी जुनी असेल तर, सेल्फ फिरेनासा होतो.

आता आरोप या मापावर घासून पाहू. आतील दिवा ५ वॅटचा आहे. ५ ला १२ व्होल्टने भागले की सुमारे ०.४ अँपिअर येतात. दोन तास दार उघडे राहिले तर ०.८ अँपिअर-तास खर्च होतात. बेताच्या आवाजात रेडिओने एक अँपिअर घेतला असे धरले तरी दोन तासांत २ अँपिअर-तास. एकूण खर्च ३ अँपिअर-तासांच्या आत, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्साही नाही. दिवा रविवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत, सलग अठरा तास, जळत राहिला असता तर साडेसात अँपिअर-तास गेले असते. तो तोटा पाचव्या हिश्श्याचा. चांगली बॅटरी तेवढा सोसते.

या गणिताने मुलगा निर्दोष ठरत नाही, हेही लक्षात घ्यावे. त्याने इतकेच सिद्ध होते की, सांगितलेले कारण घडलेल्या परिणामाला पुरत नाही. मोठ्या परिणामाला पुरेसे कारण शोधणे अजून बाकी असते.

सीएनजी किट इंजिनात काय बदलते?

आजच्या पेट्रोल गाडीत इंधन किती आणि केव्हा सोडायचे हे एक लहानसा संगणक ठरवितो. त्याला ईसीयू म्हणतात. तो प्रत्येक इंजेक्टरला विजेचा सूक्ष्म ठोका देतो; ठोका जितका लांब, तितके पेट्रोल अधिक.

सिक्वेन्शियल सीएनजी किटमध्ये दुसरा ईसीयू येतो. पेट्रोल इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरी तोडून त्या या नव्या ईसीयूमधून नेल्या जातात. तो मूळ ईसीयूचा ठोका वाचतो, त्यावरून गॅस किती सोडायचा ते ठरवितो आणि मूळ ईसीयूला मात्र इंजेक्टर जागेवरच आहेत असे भासवितो. गॅसच्या ज्वलनाला वेळ अधिक लागतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पाडणारे एक उपकरणही सोबत बसविले जाते. शिवाय गॅसचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दाब व तापमान मोजणारे सेन्सर आणि डॅशबोर्डवरील पेट्रोल-गॅस बदलण्याचे बटण असतेच.

या नव्या ईसीयूला मुख्यतः तीन जोडण्या लागतात. पहिली, बॅटरीच्या धन टोकाकडून स्वतःच्या फ्यूजमधून येणारी कायमची वायर. खरे जेवण तिच्यातून येते. दुसरी, गाडीच्या सांगाड्याला जोडलेली ऋण वायर, जिला आपण अर्थ म्हणतो. तिसरी बारीक वायर चावीची. चावी चालू झाल्यावरच तिच्यात वीज यावी आणि बंद होताच जावी. या तिसऱ्या वायरीतून प्रवाह अगदी थोडा वाहतो, पण हुकूम तिचा चालतो. तिच्यात वीज आहे तोवर ईसीयू जागा राहतो. वीज गेली की झोपतो. वाचकांनी ही तिसरी वायर ध्यानात ठेवावी.

तीन प्रश्न, तीन चाचण्या

बॅटरी उतरते अशी तक्रार आली की क्रमाने तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : टाकीला चीर आहे काय? म्हणजे बॅटरी स्वतःच वीज धरत नाही काय? शनिवारी संध्याकाळी बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि गाडीपासून सोडवून वेगळी ठेवली. चार्जिंगनंतर काही तास विसावलेल्या, पूर्ण भरलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. १२.२ म्हणजे ती साधारण अर्धी आणि ११.८ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सोमवारी सकाळी मीटरने १२.६ दाखविले. बॅटरी निर्दोष ठरली.

दुसरा प्रश्न : टाकी भरली जाते काय? इंजिन चालू करून बॅटरीच्या टोकांवर दाब मोजला. तो १४.१ व्होल्ट भरला. हेडलाइट लावल्यावरही १३.८ राहिला. अल्टरनेटरचे काम ठीक होते.

तिसरा प्रश्न : नळ ठिबकतो काय? म्हणजे गाडी बंद असताना कोणी वीज घेत आहे काय? सर्व गाड्या थोडी वीज घेतातच. घड्याळ, रेडिओची स्मृती आणि ईसीयूची स्मृती यांना ती लागते. हा नित्याचा खर्च साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या, म्हणजे ०.०५ अँपिअरच्या आत असावा. त्याहून बराच अधिक प्रवाह वाहत असेल, तर कोठे तरी गळती आहे असे समजावे.

झोपलेल्या गाडीचा प्रवाह कसा मोजावा?

येथे घाई केली की उत्तर चुकते. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर डी.सी. अँपिअरवर ठेवावा. चावी काढून घ्यावी. दारे बंद करावीत; आतील फ्यूजपर्यंत हात पोहोचण्यासाठी एखादे दार उघडे ठेवावे लागलेच, तर त्याचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून गाडीला ते बंद आहे असे वाटू द्यावे. नंतर मीटरची लाल वायर बॅटरीच्या ऋण केबलला आणि काळी वायर ऋण टोकाला चिमट्याने जोडावी. त्यानंतरच केबलचा क्लॅम्प हळूच उचलावा. असे केल्याने वीज क्षणभरही तुटत नाही आणि गाडीची उपकरणे पुन्हा जागी होत नाहीत. आता जो प्रवाह गाडीतून परतेल तो सारा मीटरमधून जाईल.

मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये. सेल्फचा प्रवाह मीटरमधून गेला तर मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. काम संपल्यावर लाल वायर पुन्हा व्होल्टच्या भोकात घालण्यास विसरू नये. नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल आणि बॅटरी शॉर्ट कराल. सीएनजी गाडीच्या बाबतीत आणखी एक नियम आहे. गॅसचा थोडाही वास येत असेल तर बॅटरीला हात लावू नये. दारे-खिडक्या उघडून सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि आधी गळती काढून घ्यावी.

मीटरने सुरुवातीस ०.९ अँपिअर दाखविले. गाडी बंद केल्यावर काही उपकरणे थोडा वेळ जागी राहतात, म्हणून हा आकडा खरा मानू नये. दहा मिनिटांत तो ०.४८ वर आला. अर्ध्या तासानंतरही ०.४८ च होता.

शनिवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी सहा हे ३६ तास होतात. ०.४८ गुणिले ३६ म्हणजे १७.२८ अँपिअर-तास, जवळजवळ अर्धी बॅटरी. इतर रात्री हा खर्च पावणेसहा अँपिअर-तासांच्या आसपास राहतो आणि दिवसाच्या फेऱ्यांत तो बराचसा भरून निघतो. गाडी सोमवारीच का बसते, याचे उत्तर मिळाले. कोणी रविवारी काही केल्यामुळे ती बसत नव्हती. रविवारी ती चालत नव्हती, म्हणून बसत होती. जुनी बॅटरी बदलूनही गुण का आला नाही, हेही त्यातून समजते. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार अर्ध्याखाली उतरली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर साचतो आणि तिची क्षमता कायमची घटते. गळती नव्या बॅटरीलाही म्हातारी करीत होती.

फ्यूजची फसवी साक्ष

गळती आहे हे ठरले. आता ती कोठे आहे ते शोधायचे. प्रचलित पद्धत अशी की, मीटरवर लक्ष ठेवून एकेक फ्यूज काढावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा कोसळतो, त्या शाखेत दोष असतो.

मी गाडीच्या आतील फ्यूज एकामागून एक काढू लागलो. एक फ्यूज काढताच आकडा ०.४८ वरून ०.०२ वर आला. फ्यूजच्या झाकणावर पाहिले. ती शाखा आतील दिवा, रेडिओ आणि हॉर्न यांची होती.

शेजारी उभे असलेले मालक म्हणाले, “बघा! मी काय सांगत होतो? दिवा नाहीतर रेडिओ!” मदतनीस मुलगा मागे उभा होता. तो काही बोलला नाही.

त्या क्षणी मी थांबलो असतो तर एक खोटा निष्कर्ष मीटरच्या साक्षीने कायम झाला असता. परंतु निष्कर्ष खरा असेल तर त्यातून पुढचे भाकीत करता आले पाहिजे. दोष दिव्याचा किंवा रेडिओचा असेल, तर ती उपकरणे काढल्यावरही आकडा कोसळलाच पाहिजे. फ्यूज परत लावला, आकडा पुन्हा ०.४८ वर स्थिर होऊ दिला, दिव्याचा बल्ब काढला आणि रेडिओची जोडणी मागून सोडविली. मीटरने ०.४७ दाखविले. बल्बही निर्दोष आणि रेडिओही निर्दोष. तरी त्यांचा फ्यूज काढला की गळती थांबत होती. याचा अर्थ, त्या शाखेवर कागदावर नसलेले तिसरे कोणीतरी बसलेले होते.

मी मुलाला विचारले, “गाडी बंद केल्यावर रात्री तुला काही वेगळे दिसते का रे?”

तो म्हणाला, “दादा, गॅसच्या बटणावरचा हिरवा दिवा जळत असतो. चावी काढली तरी. मी काकांना सांगितलं होतं.”

मालक म्हणाले, “अरे, तो गॅस किती उरला ते दाखवतो. तो जळणारच.”

हा बारीक दिवा फार तर ०.०२ अँपिअर घेत असेल. रात्रभरात पाव अँपिअर-तासही नाही. बॅटरी बसविण्याची त्याची ताकद नव्हती. पण तो एक खूण होता. तो जळतो याचा अर्थ सीएनजीचा ईसीयू जागा आहे. खूण आणि कारण यांत गल्लत करू नये. तशी खूण क्षुल्लक म्हणून सोडूनही देऊ नये. मुलाने योग्य गोष्ट पाहिली होती आणि योग्य माणसाला सांगितलीही होती.

दोन फ्यूज, एक दोष

येथे दुसरी पद्धत उपयोगी पडली. प्रत्येक फ्यूजला अत्यल्प का होईना, रोध असतो. त्यातून प्रवाह वाहत असेल तर त्याच्या दोन टोकांत थोडा दाबफरक पडतो. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या बिंदूंना टोचण्या लावल्या की, फ्यूज न काढता त्यातून प्रवाह वाहतो की नाही ते कळते. (यासाठी बॅटरीची केबल परत जोडून गाडी पुन्हा झोपण्याची वाट पाहिली.)

दिवा-रेडिओच्या फ्यूजवर मीटर शून्याच्या जवळ राहिला. त्यातून नाममात्र प्रवाह वाहत होता. बॉनेटखाली किटच्या स्वतःच्या १५ अँपिअरच्या फ्यूजवर मात्र सुमारे २ मिलिव्होल्ट आले. एवढ्या फ्यूजमध्ये इतका दाबफरक म्हणजे साधारण ०.४ ते ०.४५ अँपिअर प्रवाह. किटचा फ्यूज काढून पाहिला. गाडीचा एकूण प्रवाह ०.०३ वर आला.

आता चित्र स्पष्ट झाले. दोन वेगळ्या फ्यूजपैकी कोणताही काढला तरी गळती थांबत होती, पण प्रवाह वाहत होता तो एकाच फ्यूजमधून. वीज खाणारी वायर किटच्या फ्यूजवर होती. जागे ठेवणारा हुकूम दिवा-रेडिओच्या फ्यूजवरून येत होता. फ्यूज काढल्याने कोण कोणावर अवलंबून आहे ते कळते. मिलिव्होल्ट मोजल्याने वीज प्रत्यक्ष कोठून जाते ते कळते. ही दोन वेगळी उत्तरे आहेत आणि एकावरून दुसरे गृहीत धरता येत नाही.

चावी खिशात ठेवून मी सीएनजी ईसीयूच्या त्या तिसऱ्या वायरीवर दाब मोजला. तेथे शून्य हवे होते, मीटरने १२.४ व्होल्ट दाखविले. वायरीचा माग काढत डॅशबोर्डखाली गेलो. तेथे जुडग्यातील एका वायरीचे आवरण सोलून, त्यावर ही वायर गुंडाळून टेप लावला होता. ती चावीची वायर नव्हती. कायम वीज असलेली, आतील दिवा आणि रेडिओची वायर होती. दोन्ही वायरी एकाच जुडग्यात, जवळजवळ एकाच रंगाच्या.

किट बसविणाऱ्याकडून हे कसे घडले असेल? त्याने चावी चालू करून टेस्टलॅम्प लावला असेल. दिवा लागला, वायर मिळाली. गाडी गॅसवर चालली, काम झाले. त्याने चावी बंद करून तोच दिवा पुन्हा लावून पाहिला नाही. चावी चालू असताना दोन्ही वायरींत वीज असते, म्हणून त्या चाचणीत दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांच्यातील भेद फक्त चावी बंद असतानाच प्रकट होतो. माझ्या उमेदवारीच्या काळात हीच चूक माझ्याकडूनही झाली आहे. तेव्हा दुसऱ्याला हसण्याचा अधिकार मला नाही.

दुरुस्ती आणि पडताळा

ती वायर तेथून सोडवून खऱ्या चावीच्या शाखेवर, फ्यूजच्या पुढे घेतली. जोड झाळून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढविली. सोललेली मूळ वायरही नीट झाकली. एकूण काम तासाभराचे. नवा सुटा भाग एकही लागला नाही.

चावी बंद करताच काही सेकंदांत हिरवा दिवा विझला. अखेरचे माप मी त्या मुलाला घ्यायला लावले. क्लॅम्प उचलताना त्याचा हात थोडा थरथरत होता. अर्ध्या तासानंतर त्याने आकडा वाचला : ०.०३. म्हणजे ३६ तासांत जेमतेम १.०८ अँपिअर-तास. मालकांनी तो आकडा स्वतः वाकून पाहिला. त्या दिवशी ते फारसे बोलले नाहीत. महिनाअखेरीस मुलाचा पूर्ण पगार आणि कापलेली रक्कम त्यांनी एकत्र दिली, असे त्यानेच मला पुढे सांगितले. सोमवारची गाडी तेव्हापासून वेळेवर सुटते.

अशा बदलांनंतर आढळणारे इतर दोष

प्रत्येक गळतीचे कारण हेच असेल असे नाही. किट, दुसरा ईसीयू किंवा तत्सम उपकरण बसविल्यानंतर पुढील दोषही आढळतात.

• रिलेचे टोक चिकटून राहणे. रिलेला हाताने हलकी टिचकी मारल्यावर प्रवाह बदलला तर संशय पक्का करावा.

• उलट्या वाटेने येणारी वीज. इंजेक्टरची धन वायर मूळ ईसीयू मुख्य रिलेद्वारे बंद करतो. नव्या जोडणीतून तिच्यात कायमची वीज शिरली, तर बंद झालेली शाखा मागच्या दाराने चालू राहते.

• जीपीएस यंत्र, अलार्म, कॅमेरा यांसारखी आधीच बसविलेली उपकरणे. दोष नव्या कामाचाच असेल असे गृहीत धरू नये.

• अल्टरनेटरमधील डायोड बिघडणे. हा कोणत्याही फ्यूजच्या यादीत सापडत नाही. बॅटरीची ऋण केबल काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडवावी, तिचे टोक नीट झाकावे आणि मग पुन्हा माप घ्यावे.

किट बसवून घेणाऱ्यांसाठी

किट मान्यताप्राप्त असावे, ते अधिकृत केंद्रातच बसवावे आणि त्याची नोंद परिवहन कार्यालयातून नोंदणी पुस्तकात करून घ्यावी. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घेण्यात कुचराई करू नये. गाडी ताब्यात घेताना चार गोष्टी पाहाव्यात : चावी काढल्यावर बटणावरील दिवा थोड्याच वेळात विझतो काय, किटच्या वायरीला बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज आहे काय, जोड झाळलेले व झाकलेले आहेत काय, आणि बंद गाडीचा प्रवाह किट बसविण्यापूर्वी किती होता व नंतर किती झाला. शेवटचे माप घ्यायला अर्धा तास लागतो. ते दोन्ही आकडे बिलाच्या मागे लिहून घ्यावेत. पुढे तक्रार उद्भवली तर वाद माणसांचा न होता आकड्यांचा होईल.

विद्यार्थ्यांनी यातून एक सवय लावून घ्यावी. चाचणी नेहमी दोन्ही बाजूंनी करावी. जे असायला हवे ते आहे काय, हे आपण पाहतोच; जे नसायला हवे ते खरोखर नाही ना, हेही पाहावे. या प्रकरणात फिटरने चावी चालू असतानाच पाहिले आणि मालकांनी रविवारच पाहिला. दोघांचे निरीक्षण खोटे नव्हते. ते अर्धे होते आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत तिसऱ्याच्या पगारातून वसूल झाली.

स्वाध्याय

१. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून बंद गाडी ०.२५ अँपिअर घेत असेल, तर बॅटरी अर्ध्यावर येण्यास किती दिवस लागतील? (उत्तर : ३० भागिले ०.२५ म्हणजे १२० तास, अर्थात ५ दिवस.)

२. बॅटरी गाडीपासून वेगळी ठेवूनही दोन दिवसांत उतरली, तर दोष कोठे आहे? पुढील तपासणी करण्याची गरज आहे काय?

३. एखादा फ्यूज काढल्यावर गळती थांबली, पण त्या फ्यूजवर मिलिव्होल्ट शून्य आले. यावरून काय अनुमान काढाल?

४. आपल्या घरातील किंवा वसतिगृहातील वीजमीटर पाहा. सर्व दिवे व पंखे बंद असतानाही तो पुढे सरकत असेल, तर कारण शोधण्यासाठी कोणत्या क्रमाने तपासणी कराल ते लिहा. तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणाचेही नाव घेऊ नका.